गोडी जाते, आंबटाई राहते: उन्हाळी बिअरविषयी वाचकांचे प्रश्न

मार्चच्या अंकात कोकमाच्या आगळावर लिहिताना जाता जाता मी एक वाक्य लिहिले होते, की आगळाचा खारट-आंबटपणा गव्हाच्या हलक्या बिअरला चांगला मानवतो. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली, तेवढी उरलेल्या सबंध लेखावर आली नाहीत. काही पत्रे रागाची होती. ती संपादकांकडे सोपवली आहेत. बाकीच्यांत फळांच्या चवीच्या हलक्या बिअरविषयी इतके नेमके प्रश्न होते, की या महिन्याचे सदर त्यांनाच दिले. उत्तरे अर्थातच एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या वाचकांसाठी आहेत. आणि जे बिअर घेतच नाहीत, त्यांनी ती सुरू करावी असे कोणतेही कारण पुढच्या मजकुरात सापडणार नाही.

कोथरूडहून एक वाचक लिहितात: उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी आम्ही चार मित्र गच्चीवर बसतो. इतकी वर्षे स्ट्राँग बिअर घेत आलो. पण पन्नाशी उलटल्यापासून दुसऱ्या दिवशी डोके जड राहते. गेल्या आठवड्यात फळाचे चित्र असलेली एक परदेशी बाटली चढ्या भावाने आणली, तर ती खोकल्याच्या औषधासारखी गोड निघाली. फळांची बिअर अशीच असते का? निवडताना काय पाहावे?

फळांची बिअर मुळात तशी नसते; तशी केली जाते. यातली मेख समजली की दुकानात फसगत होण्याचा संभव बराच कमी होतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

बिअर आंबवताना यीस्ट साखर खाते आणि तिच्यापासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. ती साखर बार्लीच्या माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) आली आहे की हापूसच्या गरातून, याच्याशी यीस्टला कर्तव्य नसते. त्यामुळे आंबवणाच्या टाकीत फळ घातले की सर्वांत आधी नाहीशी होते ती फळाची गोडी, आणि मागे उरतात आंबटपणा, सालीचा तुरटपणा, रंग आणि नशिबात असेल तेवढा वास. आपल्या जिभेला मात्र फळाची ओळख गोडीवरूनच पटते. म्हणून खऱ्या फळाची बिअर पहिल्यांदा पिणाऱ्याला हमखास वाटते, की यात फळ घातलेलेच नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका ब्रुअरीच्या चाचणी विभागात मी नोकरीला होतो, तेव्हा मे महिन्याच्या भरात आम्हा दोघातिघांना आंब्याची बिअर करून पाहण्याची हुक्की आली. वीस लिटरच्या भांड्यात आंबत असलेल्या बिअरमध्ये आम्ही चार किलो गर ओतला आणि झाकण लावून घरी गेलो. हापूसच्या गरात साधारण पंधरा ते वीस टक्के साखर असते. रात्रीतून यीस्टने तिच्यावर असा काही ताव मारला, की फेसाबरोबर वर आलेल्या आंब्याच्या रेषा वायू जाण्याच्या नळीत अडकल्या, नळी तुंबली आणि झाकण छताला जाऊन आदळले. सकाळी छतावर परातीएवढा पिवळा डाग होता आणि वर पाहणाऱ्याच्या कपाळावर एकेक थेंब पडत होता. भांड्यात जे उरले होते, ते आम्ही पुढे तीन आठवडे मुरवून गाळले आणि चाखले. आंब्याचा मागमूस नव्हता. कोय चोखून संपल्यावर तोंडात जो तुरटपणा राहतो, तेवढा मात्र नेमका उतरला होता. वास कुठे गेला, हे नंतर कळले: जोरात चाललेल्या आंबवणात बाहेर पडणारा वायू हलके सुगंधी घटक आपल्याबरोबर उडवून नेतो. म्हणूनच जाणते लोक फळ घालतात ते मुख्य आंबवण निवल्यावर, शेवटच्या टप्प्यात.

आता तुमच्या गोड बाटलीकडे येऊ. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपास लाम्बिक नावाची बिअर करतात. तिच्यात विकतचे यीस्ट घालत नाहीत. धान्याचा उकळलेला रस रात्रभर उघड्या, उथळ भांड्यात निवत ठेवतात आणि हवेतले व लाकडी पिंपांतले यीस्ट व जिवाणू आपले काम करतात. त्यात आंबट चेरी मुरवली की तिला क्रीक म्हणतात. जुन्या पद्धतीची क्रीक करताना लिटरमागे दोनशे ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त फळ घालतात आणि महिनोन्महिने मुरवतात. ती इतकी आंबट असते, की पहिल्या घोटाला डोळे मिटतात. याच नावाखाली नंतर साखर किंवा गोड रस मिसळलेली क्रीकही मिळते, आणि निर्यातीच्या मालात तीच जास्त दिसते. तुम्हाला मिळाली ती बहुधा या दुसऱ्या जातीची.

तेव्हा लेबलावरचे चित्र पाहू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. घटकांमध्ये फळाचा रस किंवा गर लिहिला आहे की नुसता स्वाद, साखर वेगळी घातली आहे का, आणि अल्कोहोलचे प्रमाण किती, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार पाच टक्क्यांपर्यंतची बिअर साधी, म्हणजे माइल्ड, आणि पाचच्या वर आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग मानली जाते. हा आकडा बाटलीवर छापावाच लागतो. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. साडेसात टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत जवळजवळ ३८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, ४.८ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या पिंटमध्ये ते साडेबारा ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एका स्ट्राँग बाटलीत तीन माइल्ड पिंट मावतात. दुसऱ्या दिवशीच्या जड डोक्याचे उत्तर फळात शोधण्यापूर्वी या आकड्यात शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि एक राहिले. उन्हाळ्यात जिभेला तरतरी आणते ती आंबटाई. गोडी पहिल्या तीन घोटांपुरतीच बरी वाटते. आपले पन्हे, कोकम सरबत, ताक यांपैकी एकही पेय निव्वळ गोड नाही, प्रत्येकात चिमूटभर मीठ आहे. बिअर निवडतानाही हेच माप लावावे.

सदाशिव पेठेतून एक वाचिका विचारतात: माझा मुलगा म्हणतो, की त्याच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळे नसते आणि लवंगही नसते. मी वास घेऊन पाहिला, तो खरेच येतो. मग तो मला बनवतो आहे की कंपनी त्याला?

कोणीच कोणाला बनवत नाही, ताई. तुमच्या नाकाला दाद द्यायला हवी.

बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरचे यीस्टच तसे असते. आंबवताना ते आयसोअमाइल ॲसिटेट नावाचे द्रव्य तयार करते, आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातही मुख्यतः हेच द्रव्य असते. आपल्याकडची वेलची केळी साल काळवंडेपर्यंत ठेवली की घरभर जो वास सुटतो, तो आणि हा वास एकाच कुळातले आहेत. लवंगेसारखा वास येतो तो ४-व्हिनाइल ग्वायकॉल या द्रव्याचा. लवंगेतल्या युजेनॉलशी त्याचे रासायनिक नाते आहे. आंबवणाचे तापमान थोडे चढते ठेवले की केळे पुढे येते, उतरते ठेवले की लवंग. चांगला ब्रुअर या दोहोंचा तोल सांभाळतो, आणि बाहेर चाळीस अंश असताना तो सांभाळणे ही पुण्यात खरी कसोटी असते. बव्हेरियात १५१६ सालच्या प्रसिद्ध फर्मानाने बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी एका वेलीची फुले) आणि पाणी एवढेच घालण्याची मुभा दिली होती. गहू पावासाठी राखला गेला आणि गव्हाची बिअर करण्याचा हक्क पुढे राजघराण्याने स्वतःकडे ठेवला. म्हणजे तिथे फळाचा वास हवा असेल तर तो यीस्टकडूनच काढून घ्यावा लागत होता.

बेल्जियमच्या पांढऱ्या बिअरची गोष्ट याच्या उलट आहे. तिच्यात मोड न आणलेला गहू, संत्र्याच्या जातीच्या कडवट फळाची वाळवलेली साल आणि चक्क धने घालतात. हूगार्डन या गावी ही बिअर पूर्वापार होत असे. पण १९५० च्या दशकात तिथली शेवटची भट्टीही बंद पडली. पुढे पिएर सेलिस या दूधवाल्याने, ज्याने तरुणपणी त्या भट्टीत काम केले होते, १९६६ च्या सुमारास ती पुन्हा करायला घेतली, आणि आज जगभर दिसणाऱ्या या प्रकाराचे पुनरुज्जीवन त्याच्या नावावर जमा आहे. धन्याचा वास आपल्या इतका ओळखीचा, की अनेक पुणेकरांना ही बिअर पहिल्याच घोटाला आवडते आणि का आवडली हे सांगता येत नाही. उन्हाळ्यासाठी मला एकच प्रकार निवडायला सांगितला तर मी हाच निवडीन. देशी ब्रुअरींनी काढलेल्या 'व्हाइट' नावाच्या बिअरही बहुतेक याच वळणाच्या असतात.

मुलाला एवढे सांगा, की ग्लासवर लिंबाची फोड खोचायची हौस असेल तर ती बाजूला ठेवून आधी वास घ्यावा. लिंबाच्या रसाने आणि सालीतल्या तेलाने फेस बसतो आणि केळे-लवंग दोन्ही झाकून जातात. शिवाय बाटलीच्या तळाशी गढूळ साका असतो, तो टाकून देऊ नये. पाऊण बाटली ओतून झाल्यावर उरलेली हलक्या हाताने गोल फिरवावी आणि मग साक्यासकट ओतावी.

पिंपरीहून एक दांपत्य लिहिते: दोघांना मिळून एक माइल्ड पुरते. तीही कडू लागते म्हणून आम्ही तिच्यात लिंबू सोडा मिसळतो. मित्र हसतात. हे अगदीच गावंढळ आहे का?

मित्रांना सांगा, की इंग्लंडमध्ये याला शँडी म्हणतात आणि जर्मनीत राडलर, आणि दोन्हीकडे लोक ती मान वर करून पितात. राडलर म्हणजे सायकलस्वार. म्युनिकजवळच्या डायझेनहोफेन येथे फ्रान्त्स क्सावर कूगलर या खानावळवाल्याकडे १९२२ साली एका दिवशी सायकलस्वारांची इतकी झुंबड उडाली, की बिअर पुरेना. तेव्हा त्याने पडून राहिलेला लिंबू सोडा निम्मा निम्मा मिसळला आणि हे खास सायकलवाल्यांसाठी आहे, घरी जाताना तोल जाऊ नये म्हणून, असे ठोकून दिले, अशी दंतकथा आहे. हा शब्द त्याआधीही छापलेला सापडतो, त्यामुळे कथा सोळा आणे खरी नाही. हिशेब मात्र खरा आहे. ३३० मिलिलिटरच्या ग्लासात निम्मी माइल्ड आणि निम्मा सोडा घेतला तर अल्कोहोल सहा ग्रॅमच्या आसपास येते.

तुमच्या कृतीत मी दोनच दुरुस्त्या सुचवीन. पहिली अशी, की बाटलीबंद गोड लिंबू पेयात शंभर मिलिलिटरला साधारण दहा ग्रॅम साखर असते, म्हणजे अर्ध्या ग्लासातच तीन-चार चमचे झाले. त्याऐवजी घरी अर्ध्या लिंबाचा रस, एक चमचा साखर आणि चिमूटभर सैंधव दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावे, त्यावर साधा सोडा घालावा आणि मग तिरप्या धरलेल्या ग्लासात कडेने सावकाश बिअर सोडावी. मंडईच्या बाजूला अजून कुठे कुठे गोटीचा सोडा मिळतो; त्याचा वायू जोरकस असल्याने तो इथे फार छान चालतो. क्रम उलटा करू नका. बिअर आधी ओतून वरून मीठ-लिंबू टाकले, तर फेस ग्लास सोडून टेबलावर येतो आणि टेबलक्लॉथ तुमचाच असतो.

दुसरी दुरुस्ती म्हणजे लिंबाला सुट्टी देऊन एकदा आगळ वापरून पाहा. जर्मनीतच गोजे नावाची एक जुनी बिअर आहे. ती मूळची गोस्लार गावची, पण नावारूपाला आली लाइपझिगमध्ये. तिच्यात गहू, धने, मीठ आणि दुधाचे दही करतात त्या जातीच्या जिवाणूंनी आणलेला आंबटपणा असतो. खारट, आंबट आणि धन्याचा वास, हे वर्णन वाचून कोकणातल्या माणसाला सोलकढी आठवली नाही तरच नवल. आगळात मीठ आणि आंबटाई दोन्ही तयार असल्यामुळे गव्हाच्या ३३० मिलिलिटर बिअरला एक लहान चमचा आगळ पुरते. चमचा मोठा झाला की बिअर संपली आणि फक्त आगळ उरले, असे समजावे. रंग फिकट गुलाबी यायला हवा. जांभळा झाला म्हणजे हात सैल सुटला. बर्लिनची माणसे त्यांच्या तीन टक्क्यांच्या आंबट बिअरमध्ये रासबेरीचे सिरप घालून ती पितात, त्यांना हसायला कोणी जात नाही.

फक्त स्ट्राँग बिअरमध्ये सोडा मिसळून तिला हलकी म्हणू नका. साडेसात टक्के निम्मे केले तरी पावणेचार उरतात, चव कळत नाही आणि माणूस सरबत समजून दुप्पट पितो.

हडपसरहून एक तरुण वाचक: घरच्या झाडाला हापूस भरपूर लागला आहे. व्हिडिओ पाहून घरी आंब्याची बिअर करावी म्हणतो. प्रमाण सांगाल का?

सांगणार नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू गाळता येत नाही आणि आंबवूनही करता येत नाही, त्यात घरची हौस म्हणून सूट नाही. शिवाय छताच्या डागाची हकिकत तुम्ही वर वाचलीच असेल. ते तर सैल झाकणाचे भांडे होते. बंद काचेच्या बाटलीत साखर शिल्लक असताना यीस्ट जिवंत राहिले, तर बाटलीच फुटते आणि काचा डोळ्यांच्या उंचीवरून उडतात. आंबा खावा, उरल्यास आटवून ठेवावा. कैऱ्या शिल्लक असतील तर उकडून पन्ह्याचा गर करा आणि वरच्या उत्तरातल्या लिंबाच्या जागी त्याचा दीड चमचा घाला. पिकल्या आंब्याच्या गरापेक्षा तो बिअरशी कितीतरी चांगला जुळतो. पिकला गर मात्र थेट ग्लासात घालू नका. त्याच्या रेषांवर वायूचे बुडबुडे धरतात आणि निम्मी बिअर फेस होऊन बाहेर येते.

औंधहून एक वाचिका: मी अल्कोहोल घेत नाही, पण मैत्रिणींबरोबर बसायला आवडते. झीरो म्हणून मिळणाऱ्या लिंबू-आल्याच्या बिअरमध्ये खरोखर काहीच नसते का?

आपल्याकडच्या नियमांत अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयालाच मद्य म्हणतात. त्यामुळे 'अल्कोहोलविरहित' या शब्दावर न थांबता डब्यावर ०.० असा आकडा आहे का, ते पाहावे. अशी पेये दोन रीतींनी करतात. एका रीतीत नेहमीची बिअर करून तिच्यातले अल्कोहोल कमी दाबाखाली, कमी तापमानावर काढून घेतात. तिला बिअरचा थोडाफार कडवटपणा राहतो. दुसऱ्या रीतीत माल्टचा रस न आंबवताच त्यात फळाचा स्वाद आणि वायू भरतात. किंगफिशरने राडलर या नावाने आणलेले लिंबाच्या चवींचे पेय अल्कोहोलविरहितच होते, आणि जर्मन राडलरशी त्याचे नाते मुख्यतः नावापुरते आणि लिंबापुरते आहे. यात लक्ष ठेवायचे ते साखरेवर. शंभर मिलिलिटरला किती ग्रॅम ते डब्यावर लिहिलेले असते. दोन डब्यांचा हिशेब केल्यावर ताक बरे, असे वाटले तर तसे मैत्रिणींना मोकळेपणाने सांगावे. गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी या विषयात माझे न ऐकता डॉक्टरांचे ऐकावे.

बाणेरहून एक सायकलस्वार: मे महिन्यात आमचा गट पहाटे सायकलने सिंहगड चढतो. परतल्यावर थंड, लिंबाच्या चवीची बिअर हे उत्तम पुनर्भरण आहे, असे गटातील काहींचे म्हणणे आहे. नावच राडलर आहे ना?

नावावर जाऊ नका. अल्कोहोलमुळे शरीरातल्या व्हासोप्रेसिन या संप्रेरकाचे काम दबते आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवण्याऐवजी सोडून देतात. घामाने आधीच आटलेल्या शरीराला हे परवडत नाही. गडावर पाणी प्या, मडक्यातले दही खा, झुणका-भाकरीबरोबर दोन ग्लास ताक घ्या. घरी पोहोचून अंघोळ, जेवण आणि लघवीचा रंग पुन्हा फिका झाल्यावर, संध्याकाळी हवी तर एक हलकी बिअर घ्या. घाटातल्या वळणांवर उतरण्यापूर्वी थेंबभरही नको, आणि गाडी चालवणार असाल तर मुळीच नको; मोटार वाहन कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम आहे आणि ती वाटते त्यापेक्षा लवकर ओलांडली जाते.

विश्रांतवाडीहून तक्रार: एका दुकानातून हिरव्या बाटलीतली बिअर घेतली. दुकानदाराने ती काचेच्या दर्शनी कपाटात मांडली होती. घरी उघडली तर जळक्या रबरासारखा विचित्र वास. मुदत संपलेली नव्हती. माल नकली असेल का?

नकली असण्याची गरज नाही. उजेडाने बिअर नासते आणि त्याला फार वेळही लागत नाही. हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडला की थायॉल नावाचे गंधकयुक्त द्रव्य तयार होते आणि माणसाच्या नाकाला त्याचा अगदी अल्प अंशही जाणवतो. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी आणि पांढरी काच फारसा अडवत नाहीत. डब्याला ही चिंताच नाही. पुण्यातल्या उन्हाळ्यात मी शक्यतो डबाच घेतो. कपाटाच्या मागच्या, अंधाऱ्या ओळीतली बाटली मागायला संकोच करू नये. फळांच्या बिअरबाबत हे जास्तच पाळावे, कारण फळाचा ताजा वास उष्णतेने महिन्या-दोन महिन्यांत शिळा होतो. दुपारी गाडीच्या डिकीत बाटल्या ठेवून खरेदीला जाणे तर सोडूनच द्या.

घरी आणल्यावर घाईने फ्रीझरमध्ये टाकून विसरण्यापेक्षा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडे मीठ घालून त्यात बाटली पंधरा-वीस मिनिटे बुडवावी. आणि दात शिवशिवतील इतकी गार करू नये, कारण तेवढ्या गारठ्यात जीभ बधिर होते आणि ज्या फळासाठी पैसे मोजले तेच हरवते.

कल्याणीनगरहून: पुण्यातच ताजी फळांची बिअर मिळते का? की बाहेरच्या बाटल्यांवरच भागवायचे?

मिळते, आणि तीच घ्यावी. दुलाली ही ब्रुअरी पुण्यात २००९ साली सुरू झाली, तेव्हा जागेवरच बिअर करून पाजणे ही कल्पनाच इथे नवी होती. त्यानंतर मुंढव्याची इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, आणि आता शहराच्या पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे मिळून बऱ्याच ठिकाणी टॅपवर ताजी बिअर मिळते. मोसमानुसार फळे बदलतात, त्यामुळे गेल्या महिन्यातली यादी या महिन्यात लागू पडत नाही. बसल्या बसल्या मोठा ग्लास मागवू नका. आधी चवीपुरती लहान ग्लासात मागा, बहुतेक ठिकाणी ती आनंदाने देतात. वाढणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: फळ आहे की सिरप, ते केव्हा घातले, आणि पिंप कधी उघडले. तिसऱ्या प्रश्नाला तो व्यवस्थापकाकडे पाहू लागला, तर साधी गव्हाची मागवून मोकळे व्हावे.

यादीत सफरचंदाची सायडर आणि मधाची मीड दिसली तर त्या बिअर नव्हेत, हे ध्यानात असू द्या. सायडर रसाची आणि मीड मधाची असते, दोन्हींत माल्ट नसते. देशातली पहिली मीडरी म्हणून ओळखली जाणारी मूनशाइन पुण्याचीच आहे, तेव्हा कुतूहल असल्यास चाखून पाहायला हरकत नाही; फक्त टक्केवारी आधी वाचावी, कारण मीड बहुधा माइल्ड बिअरपेक्षा चढी असते.

फळांपैकी माझी पसंती विचाराल तर आंबा आणि स्ट्रॉबेरी यांच्यापेक्षा करवंद आणि जांभूळ. पहिल्या दोहोंचे सारे वैभव गोडीत असते आणि ती गोडी यीस्ट खाऊन टाकते. करवंदाचा चीक-आंबटपणा आणि जांभळाचा तुरटपणा मात्र आंबवणानंतरही जागच्या जागी राहतात. करवंदे आत्ता घाटातून पाट्या भरून येत आहेत. जांभळे मेअखेरीस सुरू होऊन पहिल्या पावसापर्यंत टिकतात. फळ टाकीत पडल्यापासून ग्लासात यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून जांभळाची चौकशी जूनच्या मध्यापासून करायला लागावे.